सुकाणूची बिजागरी हलतेय? जाडा स्क्रू पिळू नकोस

जुनी कॅटामरान (दोन सांगाड्यांची शिडाची होडी) उजनी धरणात उतरवायची तुझी घाई कळते, पण सुकाणूची बिजागरी हाताला हलत असेल तर आधी ती उघड. बरेच जण तिथे जाडा स्क्रू पिळतात. कृपा करून तसं करू नकोस. फायबरचं भोक आणखी चुरतं आणि पाणी आत मुरत राहतं.

फिटिंग निघाली की भोवती नाण्याने टकटक कर. आवाज खणखणीत आला तर फायबरचे थर धड आहेत. बद्द आला तर थर सुटलेत. मग नुसती भोकं बुजवून भागणार नाही.

धड असेल तर भोक थोडं मोठं कर, थरांमधला ओला फोम किंवा कुजकं लाकूड कोरून काढ आणि पूर्ण वाळू दे. आपलं सोलापूरचं एप्रिल-मेचं ऊन इथे कामाला येतं. मग भोक इपॉक्सीने (दोन भाग कालवून घट्ट होणारी राळ) भर. इपॉक्सीचं मात्र तेच ऊन वैरी! ४० अंशांत डब्यातलं मिश्रण बघता बघता तापून दगड होतं. म्हणून पहाटे, थोडं थोडं, पसरट भांड्यात कालव. भराव घट्ट झाल्यावर मधोमध नवं भोक पाड.

आता आरपार बोल्ट, ३१६ स्टेनलेसचा (सहज न गंजणारं पोलाद), आतून रुंद वायसर किंवा पट्टी. हात पोचत नसेल तर जवळ ५ इंची तपासणीचं झाकण बसव. सीलंट पॉलीयुरेथेनचं घे. सिलिकॉन लावलंस तर पुढे तिथे रंग किंवा इपॉक्सी धरत नाही.

शेवटी सांध्यावर साबणाचं पाणी लाव आणि निचऱ्याच्या भोकातून तोंडानेच हवा फुंक; बुडबुडे आले तिथे गळती आहे. कॉम्प्रेसर अजिबात लावू नकोस, सांधे फाटतात.