दर सोमवारी मित्रांना आवडतं गाणं पाठवायचं ठरवलं होतं, महिन्याभरात बंद पडलं. पुन्हा कसं सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजातले सात जण मिळून दर सोमवारी एकमेकांना आवडतं गाणं पाठवायला लागलात. पहिले दोन सोमवार मजा आली. तिसऱ्या सोमवारी एकदम चौदा लिंका येऊन पडल्या आणि पाचव्या सोमवारी नुसते अंगठे. आता सोमवारी ग्रुपवर कुणी बोलतच नाही.

आमचंही अगदी असंच झालं होतं, म्हणून हे उत्तर लिहायला बसले. आम्ही सहाजणी, सांगलीला एकत्र बी. कॉम. केलेल्या. २०१८ च्या जूनमध्ये आम्ही सोमवारचं गाणं सुरू केलं, ऑगस्टमध्ये ते बंद पडलं, दिवाळीनंतर पुन्हा सुरू झालं आणि आजतागायत चालू आहे. मी बँकेत काउंटरवर असते. सोमवार म्हणजे काय ते बँकेतल्या माणसाला विचारा. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्यानंतरच्या सोमवारी दार उघडायच्या आधीपासून पायरीवर माणसं बसलेली असतात, पेन्शनवाले आजोबा पासबुक हातात धरून सगळ्यांत पुढे. त्या दारापर्यंत पोचायच्या आधी तीन मिनिटं कुणीतरी माझ्यासाठी निवडलेलं काहीतरी कानात पडलेलं असणं याचं मोल मला चांगलं माहीत आहे.

पहिल्यांदा आमचं का बंद पडलं? प्रत्येकजण दर सोमवारी गाणं टाकत होती. सहा जणींची सहा गाणी, शिवाय एकीला राहवेना म्हणून आणखी दोन. आठ गाणी म्हणजे जवळजवळ अर्धा तास. सोमवारी सकाळी डबे भरणाऱ्या बाईकडे अर्धा तास कुठून येणार? मग "ऐकते नंतर" सुरू झालं. ते नंतर काही येत नाही. आणि आपलं गाणं कुणी ऐकलंच नाही हे कळलं की पाठवणारीचा हात आखडतो. चौदा लिंका आल्या तेव्हा तुमच्याकडेही हेच झालं असणार.

दिवाळीत आम्ही चौघी सांगलीत भेटलो, तेव्हा यावर बोलणं निघालं आणि एकदम कॅसेटची आठवण झाली. तुमचं वय मला माहीत नाही, म्हणून सांगते. आमच्या वेळी कॅसेट "भरून" घ्यायची असे. आवडत्या गाण्यांची यादी स्वतःच्या अक्षरात लिहायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन दुकानात जायचं आणि चार दिवसांनी आणायला जायचं. एका बाजूला तीस मिनिटं, म्हणजे जेमतेम आठ गाणी. नववं हवं असेल तर एक काढावं लागे. ते काढताना जीव जायचा. १९९३ ला कॉलेज संपलं तेव्हा आमच्यातल्या एकीने पाचजणींना पाच कॅसेटी भरून दिल्या होत्या. पाचही वेगळ्या. माझ्या कॅसेटमधली गाणी तिने मला डोळ्यांपुढे ठेवून निवडली होती, वेष्टणावरच्या पुठ्ठ्यावर गाण्यांची नावं हिरव्या शाईत लिहिली होती. ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे, वाजवायला यंत्र नाही.

त्या पाच कॅसेटींमधूनच आमचा नियम निघाला. एका सोमवारी एकीचीच पाळी. एकच गाणं. आणि ते सगळ्यांसाठी नसतं, सहाजणींपैकी एकीसाठी असतं. तिचं नाव लिहायचं, का निवडलं ते एका ओळीत लिहायचं. बाकीच्या ऐकतातच, पण गाणं त्या एकीचं. सगळ्यांसाठी पाठवलेलं गाणं कुणाचंच नसतं, हे आम्हाला त्या दोन महिन्यांत कळून चुकलं होतं. नाव आलं की मात्र ते उघडल्यावाचून राहवत नाही.

पाळीचं आणखी एक सुख आहे. सहा आठवड्यांनी एकदा पाळी येते, त्यामुळे मधले पाच आठवडे गाणं मनात घोळत राहतं. भाजी घेताना वाटतं, हे हिला पाठवावं, दुसऱ्या दिवशी वाटतं, नको, ते पाठवू. माझी आजी गीतरामायणाबद्दल सांगायची ते मला यातून नव्याने समजलं. १ एप्रिल १९५५ ला रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं लागलं आणि मग दर आठवड्याला एक नवं, असं वर्षभर चाललं. त्या शालिवाहन वर्षात अधिक महिना होता, म्हणून बावन्नाची छप्पन्न गाणी झाली. आजीच्या वाड्यात एकच रेडिओ. त्याला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. ती म्हणायची, ऐकण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त गोडी होती, पुढचं गाणं कुणाच्या तोंडी असेल यावर आठवडाभर बायका बोलायच्या. आज छप्पन्नच्या छप्पन्न गाणी एका बैठकीत ऐकता येतात. मी ऐकलीही आहेत. पण आठवडाभर एकाच गाण्याबरोबर राहणं वेगळं, आणि तेच मला तुम्हाला सुचवायचं आहे.

वेळेचं एक सांगते, कारण त्याचा आम्हाला फार उपयोग झाला. गाणं सकाळी साडेसातला पाठवायचं. ही वेळ आम्ही इथल्या चौघींसाठी धरली होती, पण आमच्यातली एक न्यू जर्सीला असते. तिच्याकडे तेव्हा रविवारची रात्र असते, उन्हाळ्यात दहा, हिवाळ्यात नऊ. मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी दुपारी पुन्हा पाठवू का? ती म्हणाली, "अजिबात नको. सोमवार रविवारी रात्रीच सुरू होतो गं. मुलांचे कपडे काढून ठेवताना पोटात जो गोळा येतो ना, नेमका त्याच वेळी तुमचा फोन वाजतो." तेव्हापासून मलाही वाटायला लागलंय की सोमवारचं ओझं खरं तर रविवारी संध्याकाळचंच असतं. तुमच्यातही कुणाचा रविवार असा बिघडत असेल तर गाणं रविवारी रात्रीच पाठवा, सोमवारचा आग्रह धरू नका. दुसरी दुबईला आहे. तिकडे २०२१ संपेपर्यंत शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची आणि आठवडा रविवारी सुरू व्हायचा. आमचं गाणं तिला आठवड्याच्या दुसऱ्या दिवशी मिळायचं. तिने तीन वर्षं कधी तक्रार केली नाही. २०२२ च्या जानेवारीत तिथेही शनिवार-रविवार सुट्टी झाली, तेव्हा तिने ग्रुपवर लिहिलं, "आजपासून माझाही सोमवार." मला ते वाचून भरून आलं होतं.

आता गाणी कोणती, हे तुम्ही विचारलंय. तुमच्या यादीत उत्साह वाढवणारीच गाणी आहेत, त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. प्रत्येक सोमवारी "चला, उठा, कामाला लागा" असं सांगणारी गाणी ऐकली की महिन्याभरात त्यांचा शीण येतो. पाडगावकरांचं, यशवंत देवांनी चाल दिलेलं आणि अरुण दात्यांनी गायलेलं "या जन्मावर, या जगण्यावर" माझं अतिशय लाडकं आहे. तरीही आमच्या ग्रुपवर ते इतक्या वर्षांत एकदाच आलं, एकीचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं त्या सोमवारी. तेव्हा ते जसं लागलं तसं दर महिन्याला आलं असतं तर लागलं नसतं.

आमच्या नागपूरच्या मैत्रिणीने एका सोमवारी "भय इथले संपत नाही" पाठवलं. ग्रेसांची कविता, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज. सोबत माझं नाव आणि एक ओळ: "आमच्या नागपूरच्या कवीचं आहे, आणि तू परवा फोनवर जे बोलली नाहीस ते यात आहे." मला त्या दिवसांत खरोखरच घाबरायला झालं होतं, घरचं कारण होतं. सकाळी बसस्टॉपवर ते ऐकलं. उदास व्हायला हवं होतं, पण मला हलकं वाटलं. भीती वाटणारी मी एकटी नाही, हे कुणीतरी सोमवारी सकाळी साडेसातला सांगितलं होतं. म्हणून म्हणते, गाणं आनंदी आहे की नाही हे बघू नका, ज्याला पाठवताय त्याच्या या आठवड्याचं आहे का ते बघा.

तरी काही ठेवणीतली गाणी सांगते. कुमार गंधर्वांचं "उठी उठी गोपाला" सकाळीच ऐकायचं. बाळ कोल्हटकरांचे शब्द, वसंत देसाईंची चाल, "देव दीनाघरी धावला" या नाटकातलं. कुमारजींचा आवाज दार लोटून आत आल्यासारखा येतो. होनाजी बाळाची "घनश्याम सुंदरा" ही भूपाळी घ्या, १९५१ च्या "अमर भूपाळी"मधली, तिलाही वसंत देसाईंचंच संगीत. आमच्या घरी आई ती सडा घालताना म्हणायची, त्यामुळे मला ती ऐकली की ओल्या मातीचा वास येतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, शाळेत शिक्षिका असलेल्या आमच्या कुडाळच्या मैत्रिणीला मी "सांग सांग भोलानाथ" पाठवलं होतं. आठवड्यातून रविवार तीनदा येतील का असं विचारणारं बालगीत शिक्षिकेलाच पाठवलेलं बघून तिने ते वर्गात मुलांना ऐकवलं, आणि चाळीस पोरं गातानाचा आवाज आम्हाला पाठवला. तो आवाज मी अजून जपून ठेवलाय. तिच्याकडून "मी डोलकर" आलं होतं. शांताबाई शेळक्यांनी कोळ्यांच्या बोलीत लिहिलेलं आणि हेमंतकुमारांनी, म्हणजे एका बंगाली गायकाने, लताबाईंबरोबर गायलेलं. तिच्या नवऱ्याचं आजोळ, म्हणजे सासूबाईंचं माहेर, गोव्यात. तिकडून एकदा गायिका लॉर्नाचं कोकणी गाणं आलं, त्यातला ट्रम्पेट ऐकून न्यू जर्सीवालीची मुलगी नाचली.

जुनी भावगीतं या कामाला फार सोयीची पडतात, त्याला साधं कारण आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे कवीला आणि संगीतकाराला तेवढ्यातच सगळं बसवावं लागे. घरातून निघून रिक्षा मिळेपर्यंत गाणं पुरं होतं. सात-आठ मिनिटांचं काही पाठवायचं असेल तर रात्रीसाठी ठेवा.

लिंकेबद्दल एवढंच की तिच्यासोबत गाण्याचे पहिले शब्द आणि गायकाचं नाव लिहा. प्रत्येकाकडे वेगळं ॲप असतं, काहींना ऑफिसात लिंक उघडत नाही. नाव वाचलं तरी निम्मं गाणं मनात वाजतं. आणि फुलांच्या चित्रांची गुड मॉर्निंग, चहाच्या कपातला सुविचार वगैरे त्या ग्रुपवर येऊ देऊ नका. मनाला लागेल कुणाच्या, पण सांगा.

उत्तर आलं पाहिजे अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. हे मी जरा सविस्तर सांगते.

जिने आम्हाला कॅसेटी भरून दिल्या होत्या, तिच्या यजमानांचं आजारपण २०२३ मध्ये निघालं. ती ग्रुपवर येईनाशी झाली. महिना झाला, दोन झाले. फोन केला तर दोन मिनिटं बोलायची, आम्हीही फार ताणायचो नाही. मग तिची पाळी आली. आमच्यात चर्चा झाली की पुढचीने पाठवावं का, की तो सोमवार रिकामा ठेवावा. मला दोन्ही पटेना. मी कपाटातून ती कॅसेट काढली, हिरव्या शाईतली यादी वाचली आणि तिच्या पाळीच्या सोमवारी त्यातलं पहिलं गाणं शोधून ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "हे तूच पाठवलंस, मला, १९९३ ला." उत्तर आलं नाही. पुढच्या पाळीला नागपूरवालीने तिच्या कॅसेटमधलं टाकलं. मग कुडाळवालीने. असं चार पाळ्या चाललं, म्हणजे जवळजवळ सहा महिने. तिने ऐकलं की नाही हेही आम्हाला कळत नव्हतं.

पाचव्या वेळी पुन्हा माझ्याकडे आलं. मी "ही चाल तुरुतुरु" टाकलं, जयवंत कुलकर्ण्यांचं, कारण कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्ही ते सहाजणींनी म्हटलं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन बघितला. तिचा निरोप होता, दोनच शब्दांचा: "बी साइड."

मी घरी जाऊन कॅसेट बघितली. ते गाणं बी साइडवरच होतं. तीस वर्षांनंतर, दवाखान्याच्या खुर्चीत बसून, तिला माझ्या कॅसेटची बाजू आठवत होती.

तिचे यजमान आता बरे आहेत, चालतात फिरतात. ती पुन्हा स्वतःच्या पाळीला स्वतः गाणं पाठवते, आणि पाठवताना अजूनही "ए साइड, तिसरं" असं काहीतरी लिहिते, जणू ती आमच्यासाठी दुसरी कॅसेट भरतेय. आम्ही ते उतरवून ठेवतो. ए साइड मागच्या महिन्यात भरली.

तुमच्या सात जणांचं पुन्हा सुरू करायचं असेल तर आधी ग्रुपवर चर्चा काढू नका, नियमही सांगत बसू नका. येत्या सोमवारी साडेसातला तुम्ही एकच गाणं टाका. सातांपैकी जो सगळ्यांत जास्त दिवस गप्प आहे, त्याचं नाव लिहा. आणि हे गाणं त्याचंच का, ते एका ओळीत.