कमिशन किती टक्के, हा शेवटचा प्रश्न

गोव्यातल्या कुंडईत दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), सहा माणसं आणि 'पगार नको, आणलेल्या ऑर्डरीवर पाच टक्के द्या' म्हणणारा ओळखीचा मुलगा. बाब, तुमची पोस्ट वाचली आणि आमचंच जुनं वर्कशॉप डोळ्यांसमोर आलं. तुम्ही विचारलंय, पाच टक्के जास्त होतात का? खाली काहींनी तीन सांगितलेत, काहींनी सात. माझ्या मते टक्का सर्वांत शेवटी ठरवायचा. मी वकील नाही, सीए नाही. जे सोसलं तेवढंच लिहितो, सही करण्याआधी जाणत्याला दाखवा.

पहिली गोष्ट, पाच टक्के कशाचे? वेर्ण्याच्या फार्मावाल्यांचा पॅकिंग मशीनचा चेंज पार्ट (पॅकिंगचा आकार बदलला की बदलायचा भाग) घ्या. एसएस ३१६ एल या स्टेनलेस स्टीलचं मटेरियल तुम्ही घालता. बिल एक लाखाचं, त्यात सत्तर हजार मटेरियलचे. पाच हजार कमिशन दिलंत तर तुमच्या हातच्या तीस हजारांतून जवळजवळ सतरा टक्के गेले, आणि टूल, वीज, टर्नरचा पगार अजून त्यातूनच जायचाय. तोच पार्ट गिऱ्हाइकाच्या मटेरियलवर जॉबवर्क म्हणून केला तर बिल तीस हजारांचं आणि कमिशन दीड हजार. मुलगा कुठल्या ऑर्डरी शोधत फिरेल ते सांगायला नको. म्हणून जीएसटी आणि मटेरियल वजा करून उरेल त्या रकमेवर टक्का लावा. मग दहा दिलेत तरी बिघडत नाही. अठरा टक्के जीएसटी तुमचा नव्हेच, त्याच्यावर कमिशन देणारेही मी पाहिलेत.

दुसरी, केव्हा? पैसे बँकेत आल्यावर. पीओ (गिऱ्हाइकाची लेखी ऑर्डर) आल्यावर नाही, बिल केल्यावरही नाही. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे आपल्यासारख्या उद्यम नोंदणीवाल्यांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत यायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. पण नव्वद दिवस लावणाऱ्या गिऱ्हाइकावर व्याजाचा दावा कोण ठोकतो? पुढचा पीओ त्याच टेबलावरून यायचा असतो. कमिशन वसुलीला बांधलं की मुलगा स्वतःच अकाउंट्सच्या दारात उभा राहतो. माल रिजेक्ट होऊन डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचा गिऱ्हाइकाचा कागद) आली तर तेवढं कमिशन पुढच्या महिन्यात वळतं होईल, हेही लिहा.

आता ज्याने आम्हाला खरा घाम फोडला ते. तुमच्या पोस्टीत ते कुठेच नाही, म्हणून एवढं लांब लिहायला बसलो. मुलगा सोडून गेल्यावर त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाच्या रिपीट ऑर्डरींचं काय?

आमचा माणूस कामाला चोख होता, त्याच्याबद्दल आजही तक्रार नाही. तो पुण्याला गेला. इथे गिऱ्हाइकाचे पीओ येत राहिले, ड्रॉइंग तेच, दर तोच. त्याने त्यावर हिस्सा मागितला, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता. सल्लागाराने करून दिलेल्या पत्रात त्याला 'कमिशन एजंट' म्हटलेलं, पण मस्टरवर तो रोज सही करायचा आणि थोडा ठरावीक पगारही घ्यायचा. सोडल्यानंतरचं एक अक्षर पत्रात नव्हतं. प्रकरण कामगारांचे वाद बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात गेलं. उत्तर गोव्यातलं की दक्षिण, ते विचारू नका.

एका टेबलाने पत्र बघून सांगितलं, हा एजंट, आमच्याकडे येतच नाही, दिवाणी कोर्टात जा. शेजारच्या टेबलाने मस्टर बघून सांगितलं, हा कामगार, हिशेब आणा. हिशेब नेला तर गिऱ्हाइकांच्या पीओंच्या प्रती मागितल्या. त्यावर दर छापलेले, गिऱ्हाइकाशी गुप्ततेचा करार केलेला. मुलगा पुण्याहून रजा टाकून यायचा, मी मशीन बंद ठेवून जायचो, आणि आत गेल्यावर कळायचं की साहेब मीटिंगला पणजीला. पुढची तारीख. साहेबांची बदली झाली, नव्या साहेबांनी फाईल पहिल्या पानापासून उघडली. त्या वेळच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट घडवणारा अधिकारी फक्त मध्यस्थी करतो, निकाल देत नाही, आणि हे एवढं एक वाक्य त्या इमारतीत कोणी आम्हाला सांगितलं नाही. दोघेही निकालाची वाट बघत बाकावर बसायचो. शेवटी बाहेर चहाच्या गाड्यावर आम्हीच आकडा ठरवला. गेलेल्या पैशांपेक्षा त्या काळात वेळेवर न गेलेले जॉब महाग पडले. एक फार्मावाला कायमचा गेला.

तेव्हा माणूस नोकर की एजंट, एक काय ते धरा. नोकर असेल तर मस्टर, पगार, रजा, सगळं सरळ. एजंट असेल तर हजेरी नको, ठरावीक पगार नको, तो बिल देईल आणि टीडीएसची (पैसे देतानाच कापायच्या आयकराची) मर्यादा लागू होत असेल तर तुम्ही कापाल (ऑक्टोबर २०२४ पासून कमिशनवर दोन टक्के, आधी पाच होता). दोन्हीची खिचडी केलीत की पत्रावर काय लिहिलंय त्याला फारसा अर्थ उरत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यांत विक्री वाढवायला नेमलेला माणूसही कामगाराच्या व्याख्येत घेतलाय. जुने मसुदे कॉपी करू नका.

रिपीटचं मी आता असं ठेवतो: कामावर असेपर्यंत पूर्ण, सोडल्यावर सहा महिने अर्धं, मग बंद. तुम्ही वेगळं ठेवा, पण ठेवा. आणि तुमच्या आजच्या गिऱ्हाइकांची यादी पत्राला जोडून दोघांच्या सह्या घ्या, नाहीतर तुमचं दहा वर्षांचं गिऱ्हाईक त्याने 'आणलेलं' ठरेल. 'सोडल्यावर दुसऱ्या वर्कशॉपचं काम करणार नाही' ही ओळ घालण्यात शाई वाया घालवू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ तिला उभं राहू देत नाही.

बिनपगारी ठेवण्याच्या मी विरोधात आहे. मोठ्या कंपनीत वेंडर कोड (पुरवठादार म्हणून नोंद) मिळायलाच महिने जातात, मग ट्रायल जॉब, मग पैसे. तोवर तो मुलगा पेट्रोल कुठून घालणार? मग तो तुमच्यासोबत आणखी दोघांची व्हिजिटिंग कार्डं खिशात ठेवतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. पहिलं निदान अर्धं वर्ष त्याला सरळ नोकर धरून पोटापुरता पगार आणि किलोमीटरप्रमाणे पेट्रोल द्या, कमिशनचा टक्का कमी ठेवा. कोणी फारच मोठा टक्का मागत असेल तर त्यातला वाटा कोणाच्या टेबलाखाली जाणार आहे ते आधी समजून घ्या. गोवा एवढासा, परचेसवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

बाकी किरकोळ. कोटेशन त्याला देऊ देऊ नका, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) न वाचता दर तोंडी सांगून येतात. बोलघेवड्यापेक्षा आयटीआय झालेला, ड्रॉइंग वाचणारा मुलगा बरा, बोलायला शिकतो तो. एकाच धंद्यावर त्याला सोडू नका. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली-पिसुर्ले बाजूची ज्यांची सगळी कामं बार्ज आणि खाणीच्या मशिनरीची होती, त्यांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक असेलच. आणि चवथीच्या पंधरवड्यात टार्गेट लावू नका, तेव्हा परचेसमध्ये कोणी जागेवर सापडत नाही.

पत्राचा मसुदा झाला की नावं खोडून इथे टाका, बघून सांगतो.