सहकाऱ्याची बायको डायलिसिसवर आहे, त्याच्या रजांचं काय करू?

राजारामपुरीत बारा जणांचं ऑफिस, अकाउंट्सचा माणूस सारखा गैरहजर आणि बाकीचे कुरकुरतायत, असं तुम्ही लिहिलंय.

आधी त्याला चहाला बाहेर न्या आणि डायलिसिसचे वार विचारा. बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, एका वेळी चारेक तास, आणि वार ठरलेले असतात. म्हणजे ही 'अचानक' रजा नाहीच! त्या वारी अर्धा दिवस द्या. दर महिन्याच्या २० तारखेचं जीएसटी रिटर्नचं काम मात्र आत्ताच दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा, ते तसंही करायलाच हवं होतं.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा, शिवाय अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते; २०२५ पर्यंत तो दहा माणसांपासून लागायचा, आता वीसपासून लागतो, म्हणून तुमच्या बारा जणांसाठी ऑफिसचेच रजेचे नियम बघा. शिल्लक तपासा. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असेल तर बायकोचे उपचार त्यात होतात, पण आजारपणाचा भत्ता तो स्वतः आजारी पडला तरच.

इतरांना किती सांगायचं, ते त्यालाच विचारा. मी एकदा एका सहकाऱ्याचं असंच न विचारता सगळ्यांना सांगून बसलो. तो पुढे महिनाभर डबा एकटाच खात होता.