डान्सर नाचतोय म्हणून पीआयडीला हात लावू नका

प्रश्न असा आहे: रोल फॉर्मिंग लाइनवर (पत्र्याच्या पट्टीला रोलांमधून वाकवत आकार देणाऱ्या) पट्टीचा ताण स्थिर राहत नाही, डान्सर (पट्टीवर टेकलेला, सरकता रोल) सारखा वरखाली होतो, कॉइल संपत आली की त्रास वाढतो, तर डिकॉइलरच्या (कॉइल उलगडणाऱ्या यंत्राच्या) ड्राइव्हमध्ये, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणात, पीआयडी नियंत्रकाचे पी आणि आय हे गेन (दुरुस्ती किती जोराने करायची ते आकडे) किती ठेवावेत?

आकडे मी देणार नाही. कुणी दिले तरी घेऊ नका. तुमच्या कॉइलचं वजन, गिअरबॉक्स, डान्सरची चाल यातलं काहीही माहीत नसताना जो माणूस गेन सांगतो, तो अंदाजपंचे बोलतोय.

मुळात डान्सरच्या लाइनवर पीआयडी ताण धरत नाही, डान्सरची जागा धरतो. ताण ठरतो तो डान्सरच्या सिलिंडरमधल्या हवेवर. हवेचा दाब राखणारा रेग्युलेटर जादा हवा सोडत नसेल, किंवा सील धरत-सोडत सरकत असेल, तर जगातलं सगळं ट्यूनिंग करूनही ताण हलणारच. हे साधं वाक्य मी एका साहेबांना पटवून पटवून थकलो होतो, म्हणून हे उत्तर लिहितोय.

आमच्याकडे हाच आजार होता. लाइन पुरवणाऱ्यांचे ऑटोमेशन इंजिनिअर यायचे, लॅपटॉप जोडायचे, गेन थोडा कमी करायचे आणि जायचे. नवी कॉइल मोठी असेपर्यंत सगळं छान. ती निम्म्यावर आली की डान्सर पुन्हा उड्या मारायला लागायचा, झटक्यासरशी मोजणीचं चाक पट्टीवर घसरायचं आणि पंचिंगच्या भोकांचं अंतर चुकायचं. स्क्रॅपचा ढीग मेंटेनन्सच्या नावावर. मी मेकॅनिकलचा. एकदा म्हणालो, मँड्रेल बघूया, म्हणजे कॉइलच्या आत फुगून तिला धरणारा डिकॉइलरचा दांडा. उत्तर आलं, ‘तुम्ही ग्रीस भरा, ड्राइव्ह आम्ही बघतो.’

मग त्यांनी काय केलं, तर ताण मोजणाऱ्या लोडसेलच्या सिग्नलवरचा, चढउतार दडवणारा फिल्टर वाढवला. स्क्रीनवर ताणाची रेघ सरळ झाली आणि रिपोर्टवर सही झाली. भोकं मात्र तशीच चुकत होती. थर्मामीटर झटकून ताप उतरला म्हणण्यातला प्रकार. आजही कुणी मला गुळगुळीत ट्रेंड दाखवला की मी आधी फिल्टर किती आहे ते विचारतो.

पुढच्या कॉइलच्या वेळी लाइन बंद असताना मी खडूने एक सरळ रेघ मारली, मँड्रेलच्या तोंडापासून कॉइलच्या बाजूवर बाहेरपर्यंत. लाइन सुरू करून गार्डबाहेर उभा राहिलो. झटका नेमका फेऱ्याला एकदा येत होता, मँड्रेलवरची रेघ दरवेळी एकाच जागी असताना. आणि कॉइल बारीक होत गेली तसे झटके जवळ जवळ येत गेले. माझ्या मते निदान तिथेच संपलं. बाहेरचा व्यास १२०० मिमी असताना एका फेऱ्यात साधारण ३.७७ मीटर पट्टी सुटते, ५०८ मिमीच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या व्यासाच्या, जवळ आली की १.६ मीटर. वेग मिनिटाला २० मीटर धरला तर ११ सेकंदांवरून ५ च्याही आत. दोष ड्राइव्हच्या ट्यूनिंगचा असता तर त्याने असा फेऱ्याचा हिशेब पाळला नसता.

थांबवून पाहिलं तर कॉइलवरची रेघ मँड्रेलवरच्या रेघेपासून चांगली सरकलेली. म्हणजे कॉइल मँड्रेलवर घसरत होती. मँड्रेल रिकामा फुगवून डायल गेज लावला तर एक सेगमेंट (मँड्रेलचा बाहेर उघडणारा तुकडा) दीड-दोन मिलिमीटर कमी उघडत होता. त्याला बाहेर ढकलणारी आतली पाचर झिजलेली. कॉइल टांगलेली असते वरच्या बाजूला. तो सेगमेंट वर आला की पकड सुटायची, आणि कॉइल हलकी झाल्यावर तर जास्तच. पाचर बदलली, सरकणाऱ्या जागा साफ करून वंगण दिलं, गेन मूळ कमिशनिंगच्या (लाइन पहिल्यांदा चालू केली तेव्हाच्या) यादीवर परत नेले. डान्सर शांत झाला. साहेबांनी मेलमध्ये ‘पॅरामीटर ऑप्टिमायझेशननंतर समस्या दूर’ असं लिहिलं. असो.

तुमच्याकडे मँड्रेलच असेल असं नाही, हे मान्य. पण खडूची रेघ फुकट आहे. झटक्यांमधलं अंतर कॉइलबरोबर बदलत नसेल तर दोष मिलकडे, म्हणजे पट्टी वाकवणाऱ्या रोलांकडे, शोधा: १५० मिमीचा रोल दर ४७१ मिमीला एक फेरा घेतो, तेवढ्या अंतराने खूण उमटत असेल तर त्या शाफ्टची चावी, बेअरिंग, कपलिंग बघा. झटका कटिंगबरोबर येत असेल तर फ्लाइंग शिअर (चालत्या पट्टीबरोबर सरकत कापणारी कात्री) पट्टीला मागे ओढतोय. झटके नाहीतच, ताण नुसता हळूहळू चढतोय, आणि डिकॉइलरला मोटर नसून फक्त ब्रेक आहे, तर ब्रेकचा दाब कॉइलप्रमाणे कमी होत नाहीये. तोच टॉर्क १२०० वरून ५०८ ला आला की ताण दुपटीहून जास्त, २.३६ पट होतो.

आणि हो, कधी कधी ड्राइव्हचाही दोष असतो, नाही म्हणत नाही. कॉइल बदलल्यावर व्यासाची गणना रीसेट झाली नाही, किंवा व्यास मोजणारा सेन्सर फडफडत्या पट्टीच्या कडेला बघतोय, तर कॉइल बारीक झाल्यावर मोटर चुकीच्या वेगाने फिरते. स्क्रीनवरचा व्यास आणि टेपने मोजलेला व्यास जुळतो का ते लाइन थांबवून बघा. जुळत नसेल तर ऑटोमेशनवाल्यांना बोलवा, पण मँड्रेलवर डायल गेज लावून झाल्यावर.