कंट्री-पॉप: यातलं मुख्य पद कोणतं?

केसी मस्ग्रेव्हज या अमेरिकन गायिकेच्या २०२१च्या 'स्टार-क्रॉस्ड' या अल्बमबद्दल एक वाचक मराठीत लेख लिहीत आहेत. पहिल्याच वाक्यात त्यांनी 'कंट्री अल्बम' असं लिहिलं (कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावाकडच्या गाण्यांतून वाढलेला लोकप्रिय संगीतप्रकार), मग अल्बम पुन्हा ऐकला आणि तो शब्द खोडला. त्या विचारतात: कंट्रीचा प्रभाव असलेल्या पॉप अल्बमला कंट्री म्हणायचं का? नसेल तर 'कंट्री-पॉप' लिहायचं की 'पॉप-कंट्री'? आणि 'कंट्री'ला मराठी शब्द आहे का?

उत्तर आधीच सांगतो. नुसता प्रभाव असेल तर कंट्री म्हणू नये. 'कंट्री अंगाचा पॉप अल्बम' म्हणावं. तुम्ही शब्द खोडलात ते बरोबर केलंत. पण 'प्रभाव' कुठे संपतो आणि 'प्रकार' कुठे सुरू होतो, हे ठरवणं सोपं नाही आणि खरी गंमत तिथेच आहे.

शाळेत शिकलेला मध्यमपदलोपी समास इथे उपयोगी पडतो. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे, साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. कांदा कितीही घाला, ताटलीत पोहेच असतात. शेवटचं पद पदार्थ सांगतं, आधीचं पद त्यात काय पडलंय ते सांगतं. त्याच न्यायाने कंट्री-पॉप म्हणजे कंट्री घालून केलेलं पॉप, आणि पॉप-कंट्री म्हणजे पॉप घालून केलेलं कंट्री. इंग्रजीतही अशा जोडशब्दात वजन शेवटच्या शब्दावरच पडतं, पण संगीतावरच्या लिखाणात 'कंट्री-पॉप' बरेचदा 'कंट्री आणि पॉप' अशा अर्थाने घेतात, म्हणजे आपल्या मीठभाकरीसारखा द्वंद्व समास. मराठीत लिहिताना ही ढिलाई उचलायची गरज नाही. पदांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, आणि तुमच्या लेखात नेमकी हीच सोय हवी आहे.

आता पोहे कोणते आणि कांदा कोणता, हे ओळखायचं कसं? यासाठी माझं आवडतं उदाहरण कॅनेडियन गायिका शनाया ट्वेनच्या 'अप!'चं आहे. नोव्हेंबर २००२मध्ये आलेला हा अल्बम तीन रूपांत निघाला: लाल, हिरवा आणि निळा. गाणी तीच, शब्द तेच, गळा तोच. लाल तबकडीत पॉपचा वाद्यमेळ होता. हिरव्या तबकडीत त्याच गाण्यांना फिडल (लोकसंगीताच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन), बँजो आणि पेडल स्टील गिटार या कंट्रीच्या ठरलेल्या वाद्यांची साथ होती. निळी तबकडी भारतीय चित्रपटसंगीताच्या वळणाने सजवली होती. उत्तर अमेरिकेत लाल आणि हिरवी जोडी विकली गेली, बाहेरच्या देशांत लाल आणि निळी.

भाषेची आवड असलेल्या माणसाला याहून चांगला प्रयोग मिळणार नाही. बाकी सगळं स्थिर ठेवून फक्त एक गोष्ट बदलली आहे. निळी तबकडी ऐकून तिला हिंदी चित्रपटसंगीत कोणी म्हणणार नाही. तिच्यात भारतीय अंग आहे, एवढंच आपण म्हणू. मग हिरव्या तबकडीला केवळ फिडल आहे म्हणून कंट्री का म्हणायचं? वाद्यं काढून घेतली तरी गाणं जागचं हललं नाही, याचा अर्थ ते वाद्यांवर उभं नव्हतं. उभं होतं ते पॉपच्या बांध्यावर. माझ्या लेखी 'अप!'ची हिरवी तबकडी कंट्री-पॉप आहे आणि 'पॉप' हे तिचं मुख्य पद आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शनाया ट्वेन कंट्री रेडिओवर नावारूपाला आली, तिचा श्रोता तिथला, तिची रेकॉर्ड कंपनी नॅशव्हिल या कंट्रीच्या माहेरघरातली. मग ती कंट्री नाही तर कोण? इथे 'कंट्री' या शब्दाचा दुसराच अर्थ बोलतो आहे. पहिला अर्थ बाजाचा: गाणं कसं वाजतं, कसं बोलतं. दुसरा अर्थ घराण्याचा: गाणारा कोणाचा, त्याला आपलं कोण म्हणतं. कंट्रीबद्दलचे बहुतेक वाद पेटतात ते एक जण बाजाविषयी आणि दुसरा घराण्याविषयी बोलत असतो म्हणून. ट्वेन घराण्याने कंट्री आहे, 'अप!' बाजाने पॉप आहे, आणि दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

हा वाद तिच्याही आधीचा आहे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस नॅशव्हिलमध्ये चेट अ‍ॅटकिन्स, ओवेन ब्रॅडली अशा निर्मात्यांनी फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनांचा ताफा आणि मागे गाणारी मंडळी पुढे आणली. रॉक अँड रोलने गिऱ्हाईक पळवलं होतं, ते परत आणायचं होतं. गायिका पॅट्सी क्लाइनचं १९६१चं 'क्रेझी' याच पद्धतीने ध्वनिमुद्रित झालं. गाणं विली नेल्सनचं. त्यात पॉपचा साज आहे, तरी ते कंट्रीच राहतं, आणि माझी वरची कसोटी इथे उलट्या बाजूने लागू पडते: तो साज उतरवा, एका गिटारवर गा, आत कंट्री गाणं तसंच उभं असतं. पॉप-कंट्री म्हणायचं ते याला.

पुढे भांडण उघड्यावर आलं. १९७४मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशन या कंट्रीच्या व्यावसायिक संघटनेने ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉनला वर्षाची सर्वोत्कृष्ट गायिका ठरवलं. जुने कलावंत जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी याच पुरस्कारांच्या मंचावर कंट्री गायक चार्ली रिच विजेत्याचं नाव वाचायला उभा राहिला, आणि पॉपकडे झुकणाऱ्या जॉन डेन्व्हरचं नाव असलेल्या चिठ्ठीला त्याने लायटरने आग लावली. त्याच्या मनात नेमकं काय होतं यावर लोक अजून वाद घालतात. मला त्यात दिसते ती एका शब्दावरची मालकी सांगण्याची धडपड.

आणि मालकी म्हटली की या शब्दाचा जन्म विसरून चालत नाही. १९२५मध्ये ध्वनिमुद्रण-निर्माते राल्फ पीअर यांनी ज्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं त्याचं नाव 'हिल बिलीज' पडलं, म्हणजे डोंगराकडचे गावंढळ, आणि मग त्या सगळ्या संगीतालाच 'हिलबिली' म्हणू लागले. बिलबोर्ड मासिकाने १९४४मध्ये त्याची यादी 'फोक' या नावाने सुरू केली, १९४९मध्ये तिचं नाव 'कंट्री अँड वेस्टर्न' केलं आणि १९६२मध्ये नुसतं 'कंट्री'. 'हिलबिली'च्या त्या काळात कृष्णवर्णीयांच्या तबकड्या वेगळ्या कप्प्यात, 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून विकल्या जात. दक्षिणेतले गोरे आणि काळे वादक एकमेकांकडून शिकत होते, बँजो तर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडवलेलं वाद्य. दुकानातले कप्पे मात्र कातडीच्या रंगाने पाडले गेले. 'कंट्री' हा शब्द सुरांपेक्षा त्या कप्प्यातून जास्त आला आहे, आणि तो डाग अजून पुरता गेलेला नाही.

म्हणूनच 'हे कंट्री नाही' असं कोणी म्हटलं की मी जरा थांबतो. मार्च २०१९मध्ये बिलबोर्डने कृष्णवर्णीय रॅपर लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' कंट्रीच्या यादीतून काढलं. आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत, हे कारण दिलं. पुढे गोरा कंट्री गायक बिली रे सायरसची जोड मिळालेलं तेच गाणं सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं आणि कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला पुरस्कारही दिला. बाजाच्या कसोटीने मीही त्याला रॅपच म्हणेन, कंट्री अंगाचं रॅप. पण ती कसोटी सगळ्यांना सारखी लावली तरच तिला कसोटी म्हणायचं. ज्या वर्षांत गोऱ्या गायकांची रॅपच्या ठेक्यावरची गाणी बिनतक्रार त्या यादीत बसत होती, त्याच वर्षांत हे गाणं बाहेर काढलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो.

बियॉन्सेने मात्र शब्द स्वतःच्या हातात घेतला. मार्च २०२४मध्ये 'काउबॉय कार्टर' येण्याआधी तिने जाहीर केलं, की हा कंट्री अल्बम नाही, हा बियॉन्से अल्बम आहे. त्यातलं 'टेक्सस होल्ड एम' कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. कृष्णवर्णीय स्त्रीचं गाणं तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. त्यातला बँजो रिअ‍ॅनन गिडन्सचा. तो बँजो काढला तर गाण्याला पाय उरत नाहीत, म्हणून ते गाणं मी कंट्री म्हणेन. पूर्ण अल्बमबद्दल मात्र तिचं वाक्यच अचूक आहे: त्यात गॉस्पेल आहे, रॅप आहे, जुन्या इटालियन गाण्याची एक ओळही आहे. कंट्री म्युझिक असोसिएशनने त्या वर्षी त्याला एकही नामांकन दिलं नाही. ग्रॅमीने फेब्रुवारी २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा असे दोन्ही पुरस्कार दिले. त्यानंतर ग्रॅमीने कंट्री अल्बमचे दोन भाग केले, पारंपरिक आणि समकालीन. एका शब्दात सगळं मावेना, तेव्हा पुढे विशेषण लावावं लागलं.

आता तुमचा अल्बम. मस्ग्रेव्हजच्या २०१८च्या 'गोल्डन अवर'ला ग्रॅमीने कंट्री अल्बम मानलं आणि पुरस्कार दिला. त्याच सहनिर्मात्यांबरोबर केलेला 'स्टार-क्रॉस्ड' मात्र निवड समितीने कंट्रीत घेतला नाही, पॉपकडे पाठवला. तिच्या रेकॉर्ड कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर निषेध नोंदवला. आणि मग त्याच अल्बममधल्या 'कॅमेरा रोल'ला कंट्री विभागात दोन नामांकनं मिळाली. यावर पुष्कळांनी समितीला धारेवर धरलं. मला मात्र हा निकाल विसंगत वाटत नाही.

कारण कंट्रीचा प्राण मला वाद्यांत कमी आणि बोलण्यात जास्त ऐकू येतो. साधं बोलणं, एक गोष्ट, आणि ध्रुवपदात शब्द असा वळवायचा की नेहमीचं वाक्य वेगळंच काही सांगू लागावं. 'गोल्डन अवर'मधलं 'स्पेस काउबॉय' बघा. शीर्षक वाचून अंतराळातला काउबॉय डोळ्यांपुढे येतो. गाण्यात ती म्हणते की तुला हवी ती मोकळीक (इंग्रजीत तीही 'स्पेस'च) घे, काउबॉय, आणि एका स्वल्पविरामाने अंतराळाचं अंतर होतं. हे कसब अस्सल कंट्रीचं आहे, मग त्या अल्बममध्ये डिस्कोचा ठेका असलेलं एक गाणं का असेना. 'कॅमेरा रोल' तसंच आहे: घटस्फोटानंतर फोनमधले जुने फोटो मागे मागे सरकवत जाणं, सरळ सांगितलेलं. पण 'स्टार-क्रॉस्ड'च्या उरलेल्या मोठ्या भागात सांगण्यापेक्षा वातावरण जास्त आहे. ध्वनीचे थर आहेत, एका गाण्यात बासरीची लांब फिरकी आहे, आणि शेवट चिलीच्या व्हायोलेटा पारा यांच्या स्पॅनिश गाण्याने होतो. मला तो अल्बम फार आवडतो. तो पॉप आहे.

मराठी शब्दाबद्दल. 'ग्रामीण संगीत' लिहू नका. नॅशव्हिल हे मोठं शहर आहे आणि हा व्यवसाय शंभर वर्षं रेडिओ-तबकड्यांवर चाललेला आहे. 'लोकसंगीत'ही नको, कारण अमेरिकेत फोक हा वेगळा प्रकार मानतात. 'देशी'चा मोह मलाही झाला होता. आपल्याकडेही देश म्हणजे राष्ट्र आणि देश म्हणजे घाटावरचा मुलूख असे दोन अर्थ आहेत, अगदी 'कंट्री'सारखेच. आणि तेराव्या शतकात देवगिरीला बसून शार्ङ्गदेवाने संगीताचे मार्गी आणि देशी असे भेद मांडले, त्यातलं देशी म्हणजे त्या त्या प्रदेशातल्या लोकांच्या मनाला रुचणारं. अर्थ सुंदर जुळतो. पण आज 'देशी संगीत' म्हटलं की वाचकाला भारतीय संगीतच ऐकू येणार. म्हणून 'कंट्री' हाच शब्द ठेवा.

'अंग' मात्र मोकळेपणाने वापरा. ठुमरी अंगाने जाणारं नाट्यपद आपण ओळखतो आणि त्याला ठुमरी म्हणत नाही. ढोलकी आणि घुंगरू ऐकू आले म्हणून प्रत्येक सिनेगीताला लावणी म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे खरी, पण बैठकीची लावणी जवळून ऐकलेला माणूस तिथे 'लावणीच्या अंगाचं' एवढंच म्हणतो, आणि त्यात त्या गाण्याचा काही अपमान होत नाही.

तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहीन: 'केसी मस्ग्रेव्हज ही कंट्री घराण्यातली गायिका, तिचा स्टार-क्रॉस्ड हा कंट्री अंगाचा पॉप अल्बम आहे.' आणि पुढे 'कॅमेरा रोल'चा उल्लेख येईल तिथे बेधडक 'कंट्री गाणं' लिहा.