कलम ३७ च्या मनाई आदेशांवर संशोधन: ‘ना हरकत’ मागायला जाऊ नका

तुमचा प्रश्न वाचून हसावं की रडावं कळेना. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली निघणारे मनाई आदेश आणि शांततेने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य, असा तुमचा पीएच.डी.चा विषय. माहिती अधिकारात आदेश मागितले तर उत्तर आलं ‘गोपनीय’. आणि आता विद्यापीठाची समिती म्हणते, आधी पोलीस खात्याचं ना हरकत पत्र आणा, नाहीतर विषय बदला. माझा विषय याच्या अगदी शेजारचा होता आणि समितीने मलाही हेच ऐकवलं होतं.

अर्ज कसा करायचा, अपिलाची मुदत किती, हे तुम्हाला सांगायला नको. एवढंच सांगतो की ना हरकत पत्र मागू नका. समिती कितीही गोड बोलली तरी नाही.

कारण कलम ३७(१) मध्येच आहे. हा आदेश जाहीररीत्या प्रसिद्ध केलेल्या अधिसूचनेने काढायचा असतो किंवा ठरावीक व्यक्तींना उद्देशून. तुम्ही अभ्यासताय ते पहिल्या प्रकारचे, अख्ख्या जिल्ह्याला लागू होणारे. लाठी बाळगू नका, पुतळे मिरवू नका, जाहीर घोषणा देऊ नका, गाणी म्हणू नका. मोडलं तर कलम १३५ खाली खटला. जो कागद लोकांनी पाळावा म्हणून निघतो तो त्याच लोकांपासून गोपनीय कसा? हा कागद तुम्ही नागरिक म्हणून हक्काने मागू शकता, आणि माहिती अधिकाराचं कलम ६(२) सांगतं की का मागताय हे कोणी विचारायचंही नाही. तिथे तीस दिवसांची मुदत आहे, वर अपील आहे. ‘संशोधनासाठी परवानगी मिळावी’ असं पत्र टाकलंत की हे सगळं गेलं. परवानगी कोणी द्यायची, किती दिवसांत, नाकारली तर कुठे जायचं, याला कुठलाच कायदा नाही. हक्काची मेहरबानी होऊन बसते.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. शहराचं नाव घेत नाही, कार्यालयाचंही नाही. समितीच्या आग्रहाने विभागामार्फत पत्र गेलं. ते ‘मार्गदर्शनार्थ’ वर पाठवलं गेलं. वरून ‘आपल्या स्तरावर निर्णय घ्यावा’ असा शेरा मारून खाली आलं. मग त्यांनी संशोधन आराखडा मागितला. मग प्रश्नावली. मग मार्गदर्शकांचं पत्र, तेही जावक क्रमांकासह. शेवटी हमीपत्र मागितलं, की प्रबंधातली संबंधित प्रकरणं सादर करण्याआधी कार्यालयाला दाखवीन. नागरी स्वातंत्र्यावरचा प्रबंध पोलिसांकडून तपासून घ्यायचा! टेबलावरचे कारकून भले गृहस्थ होते, चहा पाजायचे. पण फाईल हलली नाही आणि दरम्यान माझी फेलोशिप संपली. नंतर साधा दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज केला, तर उत्तर आलं की जुने आदेश जतन कालावधी संपल्याने नष्ट केले आहेत. मी परवानगीची वाट बघत होतो तेव्हा ते आदेश कपाटात होते. याचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे माझा सल्ला थोडा एकांगी असेल हे गृहीत धरा.

समितीला काय सांगायचं? कलम ३७(१) आणि ६(२) यांचा मजकूर जोडून लेखी द्या की प्रसिद्ध आदेशांच्या अभ्यासाला खात्याची संमती लागत नाही, लागत असेल तर कुठल्या नियमाने ते कळवावं. लेखी मागितलं की निम्मे आक्षेप विरून जातात.

आता तुमचा अर्ज. ‘मागील पाच वर्षांतील सर्व आदेश’ असं मागितलंत तर माहिती अधिकाराच्या कलम ७(९) चं, म्हणजे साधनसामग्री वळवावी लागते हे, कारण आज ना उद्या येणारच. (त्या कलमाने माहितीचं स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही. हे अपिलात ठणकावून सांगा.) एका तिमाहीचे आदेश मागा. आपल्याकडे महाराष्ट्रात एका अर्जात एक विषय आणि साधारण दीडशे शब्द हा नियम आहेच. दुसऱ्या वेगळ्या अर्जात त्याहून महत्त्वाची गोष्ट मागा: पंधरा दिवसांपुढे बंदी चालू ठेवायला राज्य शासनाने दिलेल्या मंजुरीच्या प्रती.

माझ्या मते तुमचा प्रबंध इथेच आहे. कलम ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकीवरची बंदी शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून पंधरा दिवस संपले की नवा आदेश, मजकूर तोच, तारखा बदललेल्या, वर सण आणि आंदोलनांची यादी. मंजुरीचा प्रश्नच येत नाही; म्हणूनच मंजुरीच्या प्रती मागायच्या, ‘नाहीत’ हे उत्तरही पुरावाच. कलकत्त्यात आनंदमार्ग पंथाच्या तांडव नृत्याच्या मिरवणुकीवर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चे, म्हणजे जमावबंदीचे, आदेश असेच एकामागून एक निघत होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ही पद्धत अधिकाराचा गैरवापर ठरवली. काश्मीरमधल्या निर्बंधांवरच्या २०२० च्या अनुराधा भसीन निकालातही पुन्हा पुन्हा काढलेल्या आदेशांबद्दल तेच आहे. पण हे दोन्ही निकाल १४४ वरचे आहेत, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय. ते उचलून ३७ वर चिकटवू नका, परीक्षक तिथेच धरेल. १४४ मध्ये महत्त्वाची तथ्यं आदेशात नमूद करावी लागतात, मुदतीचं गणितही वेगळं. ते तर्क ३७ ला का लागू व्हावेत हे तुम्हाला बांधावं लागेल. नागपूरच्या गिरणी कामगारांच्या वादातून आलेला बाबूलाल पराते निकाल (१९६१) कलम १४४ वैध ठरवतो, म्हणजे तुमच्या विरुद्ध जातो, त्याला टाळू नका. तेव्हाच्या मुंबई पोलीस अधिनियमावरचा, रस्त्यावरच्या सभांविषयीचा हिम्मतलाल शाह निकाल (१९७२) मात्र फारसं कोणी वाचत नाही, तो वाचा.

‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’चं पन्नास पानी प्रकरण लिहू नका ही माझी वैयक्तिक चीड. आपल्या विधी विभागांत निकालांचे सारांश एकापुढे एक लावले की संशोधन झालं असं मानतात.

तुम्ही कलम १३५ खाली गुन्हे दाखल झालेल्यांच्या मुलाखती घेणार आहात असं लिहिलंय. माझ्या समितीने पोलिसांची परवानगी विचारली, पण या माणसांना तुम्ही कसं जपणार हे एकदाही विचारलं नाही. वकील-अशिलाच्या संवादाला मिळतं तसं संरक्षण संशोधकाला आपल्याकडे नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली तुमची वही, रेकॉर्डिंग मागवता येतं. म्हणून नाव, गाव, गुन्हा क्रमांक मुळात लिहूच नका. सही केलेलं संमतीपत्रही नको, तोंडी संमती पुरे, आणि तसं का केलं ते पद्धतीच्या प्रकरणात सांगा. मी शिकवतो, वकिली करत नाही, तेव्हा ही बाब एखाद्या फौजदारी वकिलाशी बोलून पक्की करा.

जाता जाता: जिल्हा माहिती कार्यालयाच्या प्रेसनोटा आणि स्थानिक दैनिकांचे जुने अंक आधी चाळा. मनाई आदेशाची बातमी आतल्या पानावर चार ओळींत का होईना येतेच, आणि तिच्यात लागू तारखा असतात. त्या तारखांचा तक्ता करून अर्जाला जोडलात, तर ‘असा कोणताही आदेश आढळून येत नाही’ हे उत्तर देणं त्यांना जड जातं. शिवाय कागद नष्ट झालेच असतील तर तोच तक्ता तुमचा मूळ पुरावा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात अंक नसतील तर तालुक्याच्या नगर वाचनालयात विचारा, गठ्ठे तिथे बांधून ठेवलेले असतात. मे महिन्यात जाऊ नका, बऱ्याच ठिकाणी तेव्हा ग्रंथांची झडती, म्हणजे मोजदाद, चालू असते.