वाचकांचे प्रश्न : हेडी लमारचं पेटंट आणि तिचे सिनेमे

गेल्या अंकात हॉलीवूडच्या हेडी लमारच्या फोटोखाली आम्ही 'नटी आणि संशोधक' एवढंच छापलं होतं. त्यावर कोल्हापुरातून बरीच पत्रं आली. त्यांतली ही चार.

प्रश्न : वायफायचा शोध या बाईनं लावला असं मोबाइलवर फिरतंय. खरं किती? (उद्यमनगर)

पेटंट खरं, वायफायचं तेवढं सोडून द्या. अमेरिकन पेटंट क्रमांक 2,292,387, अर्ज 10 जून 1941 चा, मंजुरी 11 ऑगस्ट 1942 ची. त्यावर हेडी कीस्लर मार्की आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल अशी दोन नावं आहेत. कीस्लर हे हेडीचं माहेरचं आडनाव, मार्की दुसऱ्या नवऱ्याचं.

अडचण साधी होती. रेडिओनं वळवायचा टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाजावर आदळणारं अस्त्र) एकाच फ्रीक्वेन्सीवर ऐकत राहिला, तर शत्रू ती हुडकून तिच्यावर जोराचा गोंगाट सोडतो आणि टॉर्पेडो बहिरा होतो. यावरचा तोडगा असा, की पाठवणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानं ठरलेल्या क्रमानं, एकाच वेळी फ्रीक्वेन्सी बदलत राहायची. प्लेअर पियानो म्हणजे आपोआप वाजणारा पियानो; त्याच्यासारख्या भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर तो क्रम नोंदवायचा. जहाजावर एक पट्टी, टॉर्पेडोत तिची जोडीदार. भोक आलं की स्विच पडतो, वेगळा कंडेन्सर (ट्यूनिंग ठरवणारा विजेचा सुटा भाग) जोडला जातो आणि ट्यूनिंग बदलतं. पियानोवर बोटांनी दाबायच्या पट्ट्या असतात तितक्या, म्हणजे 88 फ्रीक्वेन्सींपर्यंत सोय होती. आकृतीत मात्र पाठवणाऱ्याकडे सात कंडेन्सर आणि टॉर्पेडोत चारच. उरलेले तीन निव्वळ हूल द्यायला!

बिघडणार कुठं, हे तुम्हाला सांगायला नको. दोन मोटरींच्या वेगात फरक पडला की एक पट्टी पुढं जाते आणि हुकूम भलत्याच फ्रीक्वेन्सीवर निघून जातो. टॉर्पेडोची धाव काही मिनिटांचीच, म्हणून फरक साचायला वेळ कमी, एवढीच जमेची बाजू.

आता वायफाय. त्याच्या 1997 च्या पहिल्या मानकात (ठरवून दिलेल्या तांत्रिक नियमांत) अशी एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारण्याची पद्धत एक पर्याय म्हणून होती, आजच्या वायफायमध्ये ती नाही. जीपीएस आणि ब्लूटूथचं श्रेयही तिला दिलं जातं. जीपीएसचं तंत्र तर वेगळंच. ब्लूटूथ मात्र खरोखर उड्या मारतं: जुन्या पद्धतीत 79 चॅनेल, सेकंदाला 1600 उड्या. ते थेट या पेटंटवरून उचललं असं म्हणणं मात्र ताणलेलं आहे. हेडीच्या आधीही ही कल्पना मांडली गेली होती. नेदरलँड्सच्या विलेम ब्रूर्टयेसला 1932 मध्येच अमेरिकन पेटंट मिळालं होतं.

प्रश्न : मग नौदलानं ते वापरलं का? हेडीला पैसे किती मिळाले? (राजारामपुरी)

दुसऱ्या महायुद्धात वापरलं नाही. यंत्रणा टॉर्पेडोत मावणार नाही, असं अमेरिकन नौदलाचं म्हणणं. तेव्हा त्यांचा मार्क 14 टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे 10 फूट खालून जात होता आणि आदळला तरी कित्येकदा फुटत नव्हता. तिथं रेडिओनं वळवण्याची चैन कुणाला? पेटंटची मुदत 17 वर्षांची, ती 1959 मध्ये संपली. हेडीला त्यातून एक छदामही मिळाला नाही. 1997 मध्ये या कामासाठी एक पुरस्कार आला, तेव्हा ती ब्याऐंशीची होती.

प्रश्न : नटीला यंत्रातलं काय कळणार? आमच्याकडं कुणाला पटत नाही. (मंगळवार पेठ)

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, त्या गावातून हा प्रश्न! हेडीचं इंजिनिअरिंगचं शिक्षण नव्हतं, हे खरं. पण 1933 मध्ये तिचं लग्न झालं ते ऑस्ट्रियातला शस्त्रास्त्रांचा कारखानदार फ्रिट्झ मांडल याच्याशी, आणि त्याच्या जेवणाच्या टेबलावर शस्त्रांचीच बोलणी चालत. पट्टीची युक्ती अँथाइलच्या धंद्यातली: त्यानं एका रचनेसाठी 16 प्लेअर पियानो एकत्र वाजवायचा घाट घातला होता. त्या काळी तो साधला नाही. विजेचं गणित बसवायला कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रशिक्षण संस्थेचे प्राध्यापक सॅम्युअल मॅकिऑन होते.

मोलकरणीला गुंगीचं औषध देऊन ती नवऱ्याच्या घरातून पळाली, हा किस्सा जपूनच सांगा. तो तिच्या नावावरच्या 1966 च्या आत्मचरित्रातला आहे. ते दुसऱ्यांनी लिहिलेलं, आणि तिनं स्वतःच त्यावर दावा लावला होता.

प्रश्न : तिचा कुठला सिनेमा आधी बघावा? (शिवाजी पेठ)

'अल्जियर्स' (1938) पासून सुरुवात करा. तिचा हा पहिला हॉलीवूडपट, कॅमेरा जेम्स वाँग हौ यांचा. तिचे संवाद मोजकेच. चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकलाय ते बघा. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट संपलेला आहे, त्यामुळे तो फुकट मिळतो, पण बऱ्याच प्रती धुरकट असतात. त्यातली बरी निवडा. अभिनयासाठी 'एच. एम. पुलहॅम, एस्क्वायर' (1941) बघा. त्यात ती जाहिरात कंपनीत नोकरी करणारी बाई आहे आणि दागिन्यांनी मढवलेली बाहुली वाटत नाही. 'सॅमसन अँड डिलायला' (1949) हा तिचा सर्वांत गाजलेला. मोठ्या पडद्यावर मिळाला तरच मजा. 'व्हाइट कार्गो' (1942) नाही बघितला तरी चालेल: तोंडाला काळपट रंग फासून तिला उभं केलंय आणि पटकथाही तितकीच भडक आहे.